हॉस्पिटलची इमारत दिव्यांग रुग्णांसाठी सोयीची करताना: पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याला व्हीलचेअर नवी नाही. वानवडीचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर १९४४ पासून आहे, खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून. पाय गमावलेली, कमरेखाली संवेदना गेलेली माणसं या शहरानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. तरीही ताप आला किंवा दात दुखला म्हणून यातलं कोणी जवळच्या हॉस्पिटलात गेलं, की दारातल्या चार पायऱ्यांशी गाडी अडते.

मी आर्किटेक्ट आहे. चालू हॉस्पिटलं तपासून त्यांत काय बदलता येईल ते सांगणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. खालचे प्रश्न डॉक्टर, विश्वस्त, रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात. माझी कसोटी एकच आहे: रुग्ण रिक्षातून उतरल्यापासून पुन्हा रिक्षात बसेपर्यंत त्याला कुठे उचलावं लागलं का? जिथे उचलावं लागलं तिथे इमारत नापास.

दारात रॅम्प केला आहे. आता झालं ना?

बहुतेक वेळा नाही. रॅम्प चढून माणूस आत येतो आणि केसपेपरच्या काउंटरशी थांबतो, कारण काउंटर छातीपर्यंत उंच असतो आणि पलीकडच्या बाईंना तो दिसतच नाही. मग डॉक्टरांच्या केबिनचं दार. केबिन नंतर पार्टिशन घालून काढलेली असते, दार जेमतेम ७० सेंटिमीटर, आणि त्याच्या मागे वजनकाटा ठेवलेला. पुढे एक्स-रे, लॅब, टॉयलेट, औषधांचं दुकान. यातला एक टप्पा तुटला की बाकीच्यांवर केलेला खर्च वाया जातो. म्हणून नकाशा घेऊन एका रुग्णाचा सगळा प्रवास रेषेनं काढा आणि रेषा कुठे तुटते ते पाहा. मी प्रत्येक ठिकाणी आधी हेच करते, टेप नंतर काढते.

रॅम्प किती लांब लागतो?

एक एकक उंचीला बारा एकक लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, तर रॅम्प ५.४ मीटर. पाच पायऱ्या म्हणजे ७५ सेंटिमीटर, तर ९ मीटर, आणि तेवढ्यावर सपाट विश्रांतीचा टप्पा हवाच. १:१२ हा जास्तीत जास्त चढ आहे. रॅम्प लांब होत असेल तर तो १:१५ किंवा १:२० करणं बरं, कारण स्वतःच्या हातांनी चाकं फिरवणाऱ्याचे खांदे अर्ध्यात भरून येतात.

रुंदी किमान १.२ मीटर. दोन्ही बाजूंना कठडा, तोही दोन उंचीवर: एक ९० सेंटिमीटरवर, दुसरा ७० ते ७५ वर. रॅम्प संपतो तिथून कठडा आणखी ३० सेंटिमीटर पुढे न्या. कडेला छोटी उंच कड ठेवा, म्हणजे पुढचं चाक घसरून खाली जाणार नाही. वर दारासमोर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा लागते. ही जागा मिस्त्री हमखास खातात. चढ थेट दाराच्या उंबऱ्याला नेऊन टेकवतात, आणि रुग्णाला एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं दार ओढावं लागतं.

पुण्यात आणखी एक भानगड. रस्त्यावर दर काही वर्षांनी थर चढतो, काँक्रीट होतं, आणि रस्त्याची पातळी बदलते. काही ठिकाणी जोतं रस्त्याच्या खाली गेलंय, तिथे आता रॅम्प उतरता लागतो आणि पावसाचं पाणी आत येतं. रॅम्पच्या तोंडाशी जाळीचा चर घ्या. जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर चाक आणि कुबडीचं टोक दोन्ही त्यात अडकतात.

आमच्याकडे नऊ मीटर जागाच नाही. इमारत रस्त्यालाच टेकलेली आहे.

पेठांमध्ये हेच उत्तर मिळतं, आणि ते खरं असतं. पण म्हणून ४५ अंशांचा चेकर्ड प्लेटचा तुकडा पायऱ्यांवर टाकू नका. तो स्कूटर चढवायला ठीक आहे. माणूस त्यावरून मागे कलंडतो.

पर्याय तीन. इमारतीच्या बाजूला किंवा मागे पार्किंगच्या पातळीवरून आत येता येतं का ते पाहा. खूप ठिकाणी येतं, फक्त तिथे जनरेटर आणि भंगार पलंग ठेवलेले असतात. दुसरा, रॅम्प वळवून घ्या. वळणावर दीड मीटरचा सपाट चौक सोडा. तिसरा, उभी प्लॅटफॉर्म लिफ्ट. ही चार-सहा पायऱ्यांपुरती असते, जागा साधारण व्हीलचेअरएवढीच घेते, आणि किमतीला रॅम्पपेक्षा जास्त पण पूर्ण लिफ्टपेक्षा बरीच कमी. तिची किल्ली मेट्रनच्या कपाटात ठेवू नका. रुग्ण खाली पावसात उभा आणि किल्ली शोधायला मावशी तिसऱ्या मजल्यावर, असं होतं.

फुटपाथवर रॅम्प काढणार असाल तर महापालिकेची परवानगी लागते, आणि ती सहसा देऊही नये असं माझं मत आहे. तुमच्या रुग्णाची सोय करताना फुटपाथवरून काठी टेकत जाणारा अंध माणूस अडखळणार असेल तर अडचण फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सरकली.

आमचे चार वॉर्डबॉय आहेत, ते खुर्चीसकट उचलून आणतात. रुग्ण कधी तक्रार करत नाहीत.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारे डॉक्टर प्रेमळच असतात. उत्तर मात्र लांब आहे.

मणक्याला इजा झालेल्या माणसाची हाडं वापर नसल्यानं ठिसूळ होतात. काखेत आणि गुडघ्याखाली हात घालून उचलताना मांडीचं हाड मोडू शकतं, आणि संवेदना नसल्यानं त्याला ते कळतही नाही. कॅथेटर लावलेला असेल तर नळी ओढली जाते. खुर्चीसकट उचलताना लोक तिचे हात आणि पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या) धरतात, आणि हे दोन्ही भाग सुटे निघतात. बॅटरीवरची खुर्ची रुग्ण धरून दीडशे किलोपर्यंत सहज जाते, ती जिन्यात उचलणं हा अपघातच आहे. वॉर्डबॉयच्या कंबरेचं काय होतं ते तुमच्याच ऑर्थोपेडिक ओपीडीत कळेल.

आणि तक्रार नाही, कारण तक्रार करून उपचार कुठे घ्यायचे? बाई असेल तर चार अनोळखी पुरुषांनी उचलणं तिला नको असतं. ती त्या हॉस्पिटलात पुन्हा येत नाही, आणि तुमच्या हिशेबात ‘दिव्यांग रुग्ण फारसे येत नाहीत’ असं लिहिलं जातं.

क्लिनिक सोसायटीच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. सोसायटी परवानगी देत नाही.

लिफ्टची वाट पाहत बसू नका. तळमजल्यावर एखादा गाळा किंवा खोली आठवड्यातल्या ठरावीक वेळेसाठी भाड्याने मिळते का पाहा, आणि ज्यांना जिना चढता येत नाही त्यांना तिथे तपासा. अपॉइंटमेंट देताना फोनवरच विचारा, ‘जिना चढता येईल का?’ हा एक प्रश्न रिसेप्शनच्या वहीत छापून ठेवला की खालून परत जाणारी माणसं थांबतात. हा तात्पुरता उपाय आहे. पुढचा भाडेकरार करताना जागा तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत घ्या.

सोसायटीच्या सभेत विषय मांडताना ‘आमच्या पेशंटसाठी’ असं म्हणू नका. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी म्हणा. ठराव लवकर होतो.

लिफ्ट आहे. मग अडचण कुठे?

जुन्या इमारतींत लिफ्ट जिन्याच्या मधल्या चौकात उघडते. म्हणजे वर गेल्यावरही आठ-नऊ पायऱ्या. असं असेल तर लिफ्ट नाही असंच समजा आणि तपासणीच्या खोल्या खाली आणा.

बाकी ठिकाणी हे पाहा: दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, आत स्ट्रेचर मावतं का, बटणं ९० ते १२० सेंटिमीटर उंचीवर, त्यांवर ब्रेल आणि उठावाचे आकडे, मजला सांगणारा आवाज. आत खुर्ची वळत नसेल तर मागच्या भिंतीवर आरसा लावा, म्हणजे उलटं बाहेर पडताना मागचं दिसतं. ओढायच्या लोखंडी जाळीची दारं एकट्या रुग्णाला उघडतच नाहीत. तिथे लिफ्टमन लागतो, आणि दुपारी दोन ते चार तो जेवायला जातो हेही गृहीत धरा.

‘हँडिकॅप टॉयलेट’ आहे आमच्याकडे. बघून घ्या एकदा.

बघितलं. आत बादल्या, फिनेल आणि झाडू आहेत, बाहेर कुलूप.

खरं सांगायचं तर हॉस्पिटलच्या इमारतीतली सगळ्यात महत्त्वाची खोली हीच. माणूस टॉयलेटला जाता येणार नाही म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही, आणि मग मूत्रमार्गाच्या संसर्गाने तुमच्याकडेच दाखल होतो.

खोली सुमारे २ मीटर बाय २.२ मीटर. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं दार असेल आणि रुग्ण आत पडला तर दार त्याच्या अंगावरच अडतं. मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, उंबरा नको. पाणी अडवायला लागलाच तर १२ मिलिमीटरपर्यंत आणि उतरता. आत दीड मीटरचं वर्तुळ मोकळं, म्हणजे खुर्ची वळते. कमोडच्या एका बाजूला ९० सेंटिमीटर रिकामी जागा ठेवा, तिथे खुर्ची समांतर लावून माणूस सरकतो. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर, खुर्चीच्या उंचीइतकी.

आधाराचे दांडे भिंतीच्या बाजूला पक्के, मोकळ्या बाजूला वर दुमडणारे. आणि ते प्लायवूडच्या पार्टिशनवर लावू नका. दांडा माणसाचं पूर्ण वजन घेतो. विटांच्या भिंतीत रासायनिक अँकरने बसवा, आणि बसवल्यावर स्वतः लोंबकळून पाहा. मी पाहते. काही वेळा दांडा हातात येतो.

जेट स्प्रे बसल्या जागी हाताला लागला पाहिजे. नळ दांडीचा, फिरकीचा नको. वॉशबेसिनच्या खाली कपाट नको, गुडघे जायला हवेत. बोलावण्याची दोरी जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर संपली पाहिजे, कारण मदत लागते ती पडल्यावर. सफाईवाल्या मावशी ती ओली होते म्हणून गुंडाळून वर बांधतात. त्यांना कारण सांगा, मग बांधत नाहीत.

स्त्री किंवा पुरुष विभागाच्या आत हे टॉयलेट ठेवू नका. नवऱ्याला बायको किंवा आईला मुलगा घेऊन जातो. त्याला वेगळं दार हवं.

तपासणीच्या टेबलाचा इमारतीशी काय संबंध?

नकाशात तो दिसत नाही, पण रुग्णाचा प्रवास तिथेच तुटतो. नेहमीचं लोखंडी टेबल कमरेएवढं उंच असतं, समोर दोन पायऱ्यांचं स्टूल. व्हीलचेअरवरचा माणूस वर जात नाही, म्हणून डॉक्टर बसल्या जागी तपासतात. पोट नीट तपासलं जात नाही. पाठ आणि बैठक पाहिली जात नाही, आणि बेडसोर (सतत दाब पडून होणारी जखम) नेमका तिथे असतो. स्त्रियांची अंतर्गत तपासणी तर ‘पुढच्या वेळी बघू’ वर जाते.

वर-खाली होणारं टेबल घ्या, जे ४३ ते ४८ सेंटिमीटरपर्यंत खाली येतं. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांच्या सुगम्यतेची (दिव्यांगांना ती वापरता येण्याची) प्रमाणं ठरली तेव्हा खालची पातळी १७ ते १९ इंचांची धरली होती, पुढे ती १७ इंचांवर पक्की झाली. सगळ्या खोल्यांत नको. एका खोलीत एक, आणि ते कुठे आहे हे रिसेप्शनला माहीत हवं. सोबत सरकण्याची फळी ठेवा. सुताराकडून गुळगुळीत करून घेतली तरी चालते. वजनासाठी खुर्चीसकट चढता येईल असा सपाट काटा हवा. भुलीची आणि औषधांची मात्रा वजनावर ठरते. ‘अंदाजे साठ लिहा’ हे मी ऐकलेलं आहे.

रुग्णाच्या स्वतःच्या व्हीलचेअरला आत मनाई करावी का? संसर्गाची भीती असते.

चाकं पुसून घ्या, मनाई करू नका. त्याची खुर्ची त्याच्या मापाची असते, उशी बेडसोर होऊ नये म्हणून खास घेतलेली असते. तुमच्या दारातल्या खुर्चीला बहुतेक वेळा एक पायटा नसतो आणि बैठक झोळीसारखी लोंबते. तीत तीन तास बसवलं तर कातडी जाते.

‘चपला बाहेर काढा’ ही पाटी ठेवायची का?

कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) घालणाऱ्याचा बूट हा कॅलिपरचाच भाग असतो. तो काढला की माणूस उभाच राहत नाही. मधुमेहानं पायाची संवेदना गेलेल्यांनीही अनवाणी चालू नये. पाटी काढा, पायपुसणं मोठं घ्या आणि ते जमिनीत बसवा. सुट्या पायपुसण्यात कुबडी अडकते.

फरशी कोणती घालावी?

चकचकीत ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल फोटोत छान दिसते. पोलिओ झालेली, आता पन्नाशी-साठीत पोहोचलेली अख्खी पिढी कुबड्यांवर चालते, आणि ओल्या पुसलेल्या टाइलवर कुबडीचं रबर सरकतं. दारात आणि रॅम्पवर खरखरीत पोताचा दगड, आत मॅट फिनिश. फरशी दुपारी ओपीडी संपल्यावर पुसा. हा बदल फुकट आहे, फक्त वेळापत्रकाचा आहे.

अंध रुग्णांसाठी काय करता येईल?

दारापासून रिसेप्शनपर्यंत उठावाच्या पट्ट्यांच्या फरश्या, आणि वळणावर किंवा पायरीआधी ठिपक्यांच्या. फरशा भिंतीपासून दूर, मोकळ्या मार्गात घाला. ठिकठिकाणी पट्टी सरळ खांबावर किंवा कुंडीवर जाऊन थांबलेली दिसते. ज्यानं घातली त्यानं ती कशासाठी हे विचारलंच नसावं.

खोलीच्या पाट्या दारावर नव्हे, दाराशेजारच्या भिंतीवर लावा, उठावाची अक्षरं आणि ब्रेलसह. मराठी ब्रेल लावण्याआधी वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. उलट्या लावलेल्या ब्रेल पाट्या पाहिल्या आहेत. कोरेगाव पार्क आणि कोथरूडला अंधशाळा आहेत, ब्रेल वाचणारी माणसं या शहरात भरपूर आहेत.

पूर्ण अंध माणसांपेक्षा कमी दिसणारी माणसं जास्त असतात. त्यांना ब्रेलपेक्षा मोठी ठळक अक्षरं, पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी आणि काचेच्या दारावर दोन उंचीवर खुणा जास्त उपयोगी. भिंत पांढरी, दार पांढरं, कमोड पांढरा, असं करू नका.

आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी?

इथे भिंत पाडायची नाही. टोकन नंबर फक्त पुकारू नका, पडद्यावर दाखवा. काउंटरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असा दिवा लावा, ओठ वाचणाऱ्याला तो लागतो. खिडकीला पाठ करून बसलेला कर्मचारी त्याला काळा आकारच दिसतो. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याशी व्हिडिओ कॉल करता येईल असा टॅब्लेट कॅज्युअल्टीत ठेवा. शस्त्रक्रियेची संमती नातेवाइकाच्या खुणांवर घेऊ नका. आगीच्या घंटीबरोबर लुकलुकणारा दिवा हवा, टॉयलेटच्या आतसुद्धा.

ऑटिझम असलेल्या मुलांसाठी इमारतीत काही करायचं असतं का?

एक शांत खोली, जिथे टीव्ही नाही आणि ट्यूबलाइट फडफडत नाही. आणि नंबर आधी घ्यायची मुभा. एवढ्याने खूप फरक पडतो.

पार्किंग, रिक्षा, मेट्रो यांचं काय?

राखीव पार्किंग ३.६ मीटर रुंद असावं, दारापासून ३० मीटरच्या आत. पुण्यात बरेच जण बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर चालवतात, ती नेहमीच्या दुचाकीच्या रांगेत मावत नाही. तिच्यासाठी एक रुंद जागा आखा आणि वॉचमनला सांगा. ‘ही टू-व्हीलर, तिकडे लावा’ म्हणून त्या माणसाला मागच्या गल्लीत पाठवतात, आणि मग तो तिथून चालत कसा येणार?

रिक्षा दारात येऊ द्या. उतरण्याच्या जागी छप्पर हवं, कारण खुर्ची उघडायला वेळ लागतो आणि पावसाळा चार महिन्यांचा. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत. स्टेशनपासून तुमच्या दारापर्यंतचा फुटपाथ एकदा खुर्ची ढकलत पार करा आणि जे दिसेल ते लिहून क्षेत्रीय कार्यालयाला द्या.

कायदा नेमकं काय म्हणतो? खासगी हॉस्पिटलला लागू आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीची व्याख्या सरकारी आणि खासगी दोन्ही धरते आणि आरोग्यसेवेच्या इमारतींचा त्यात उल्लेख आहे. कलम २५ प्रमाणे सरकारी व खासगी हॉस्पिटलांच्या सगळ्या भागांत अडथळ्याविना पोहोचता यावं आणि दिव्यांगांना तपासणीत प्राधान्य मिळावं, यासाठी सरकारने आणि स्थानिक संस्थांनी पावलं उचलायची आहेत. कलम ४४ प्रमाणे निकषांत न बसणाऱ्या नकाशाला मंजुरी नाही आणि पूर्णत्वाचा दाखला नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे. मुदत केव्हाच संपली.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतला सुगम्यतेचा नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण असं की, कायदा सक्ती सांगतो आणि नियमाने बोट दाखवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची भाषा मात्र शिफारशीची होती. केंद्राने तीन महिन्यांत बंधनकारक निकष वेगळे काढावेत असा आदेश दिला. काही डॉक्टरमित्र याचा अर्थ ‘नियमच गेला’ असा लावतात. अर्थ उलट आहे.

दंड कलम ८९ मध्ये: पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, पुढे ५० हजार ते ५ लाख. नव्या बांधकामाला राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतल्या दिव्यांगांच्या सोयींच्या तरतुदीही लागू होतात.

आमची इमारत जुनी दगडी आहे. वारसा यादीत असेल तर?

दगडाला हात न लावता, मागे कधीही काढून घेता येईल असा लोखंडी किंवा लाकडी रॅम्प सुटा उभा करता येतो. वारसा समितीकडे नेताना ‘पूर्ववत करता येणारा’ हे शब्द नकाशावरच लिहा. मुख्य दार अडत असेल तर दुसरं दार मुख्य करा, सगळ्यांसाठी. दिव्यांगांना कचऱ्याच्या दारातून आणि बाकीच्यांना कमानीतून, असं नको.

रुग्ण म्हणून तक्रार कुठे करू?

आधी हॉस्पिटलच्या प्रमुखांना लेखी द्या आणि पोच घ्या. फोटोत टेप दिसू द्या: दाराची रुंदी, पायरीची उंची. ‘फार गैरसोय झाली’ यापेक्षा ‘दार ६८ सेंटिमीटर’ याला उत्तर देणं अवघड जातं.

नंतर राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, म्हणजे नागपूर-नांदेडच्या माणसापेक्षा तुमचं बसभाडं वाचतं. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत केलेली कारवाई कळवायची असते. खासगी हॉस्पिटलांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेचा आरोग्य विभाग करतो आणि तिचं नूतनीकरण होत असतं. तक्रारीची प्रत तिथेही द्या. महापालिकेचं हॉस्पिटल असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून दिव्यांग कल्याणासाठी राखीव ५ टक्के निधीतून त्या इमारतीवर काय खर्च झाला ते विचारा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या तपासणीला ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा कमला नेहरूला जाणार असाल तर आधी फोन करून कोणत्या दारातून आणि कोणत्या मजल्यावर जायचं ते विचारून घ्या. हेलपाटा वाचतो.

आग लागली तर लिफ्ट बंद होते. व्हीलचेअरवरच्या रुग्णाला खाली कसं आणायचं?

आधी आडवं हलवा: त्याच मजल्यावर आगीचं दार ओलांडून पलीकडच्या भागात. मग जिन्यावरून घसरत उतरणारी इव्हॅक्युएशन चेअर किंवा चादरीसारखी स्लेज. ही विकत घेऊन प्लास्टिकमध्ये ठेवू नका. रात्रपाळीच्या माणसांना ती वापरून दाखवा. अग्निसुरक्षेचा ‘ब’ नमुना (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, त्याच आठवड्यात ही कवायत घ्या, तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. चालू न शकणाऱ्या रुग्णांना शक्यतो खालच्या मजल्यांवर ठेवा.

पैसे थोडे आहेत. आधी काय?

टॉयलेट. मग एक तपासणीची खोली तळमजल्यावर. मग दार आणि रॅम्प. लोक उलट्या क्रमानं करतात, कारण रॅम्प रस्त्यावरून दिसतो आणि उद्‌घाटनाला फीत कापता येते. अर्थात दारात पायऱ्या असतील तर रॅम्पवाचून पुढचं काहीच नाही, पण तोवर शेजारच्या गाळ्यातून आत येता येत असेल तर पैसा टॉयलेटमध्ये घाला.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी उद्या सकाळी करता येतात: दारामागचा वजनकाटा हलवणं, टॉयलेटमधल्या बादल्या काढणं, कॉरिडॉरमधली कपाटं एका बाजूला लावणं, काउंटरचा एक भाग ७५ सेंटिमीटरच्या टेबलानं बदलणं.

तपासणीला कोणाला बोलवावं?

आर्किटेक्ट बोलवा, पण एकटा नको. व्हीलचेअर स्वतः चालवणारा, काठी वापरणारा अंध, कुबड्यांवर चालणारी बाई, ऐकू न येणारं कोणी, असे तीन-चार जण सोबत घ्या आणि त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या. डॉक्टर स्वतः खुर्चीत बसून फेरी मारतात, त्यानं थोडं कळतं; पण ते अडले की उठून उभे राहतात.

सगळं केलं. आता रॅम्पच्या तोंडाशी लोक स्कूटर लावतात.

खांब रोवून उपयोग नाही. जिथून व्हीलचेअर जाते तिथून स्कूटरही जाते. जमिनीवर पिवळे पट्टे मारा, वॉचमनची खुर्ची रॅम्पच्या पायथ्याशी आणा, आणि ‘नो पार्किंग’ची नोटीस आधी स्टाफरूममध्ये लावा. सकाळची पहिली गाडी बहुतेक तिथल्याच कोणाची तरी असते.